तात्या थांबले होते

सोपानतात्यांच्या टेम्पोखाली आलेली कोंबडी नेमकी त्यांच्या चुलतभावाची निघावी, हे त्यांचं दुर्दैव. आणि त्या मेलेल्या कोंबडीचा मालक येईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला पाऊण तास बसून राहिले, हा त्यांचा स्वभाव. दुर्दैव आणि स्वभाव एका माणसात एकत्र आले की काय होतं ते मी फार जवळून पाहिलं आहे. त्यात माझा हातभारही लागला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला चांगला माणूस समजायची चूक करणार नाही.

तर कोंबडी. निघोजे गावठाणातून बाहेर पडताना ती आडवी आली आणि गेली. चुलतभावाशी बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद. दुसरा कोणी असता तर आरशात बघून गाडी पुढे काढली असती. कोंबडीच ती, तिचे वारस काही नुकसानभरपाई मागायला येणार नव्हते. तात्या उतरले, कोंबडी उचलून गोणपाटावर ठेवली आणि शेजारी बसून राहिले. चुलतभाऊ आला. त्याने आधी कोंबडीकडे बघितलं, मग तात्यांकडे, आणि बारा वर्षांतलं पहिलं वाक्य बोलला, "मुद्दाम मारलीस."

"मुद्दाम मारली आसती तर हितं बसलो आसतो का?" तात्या म्हणाले.

प्रकरण पोलीस चौकीत गेलं. तात्याच घेऊन गेले. हवालदाराने कपाळाला हात लावला. "तात्या, आता कोंबडीचा पंचनामा करू का मी?"

"करा. न्हाईतर उद्या ह्यो म्हनंल, सोपान पळाला."

शेवटी हवालदाराने एका कागदावर दोन ओळी खरडून दिल्या. तो कागद तात्यांनी गाडीच्या फायलीत लावून ठेवला. मी स्वतः बघितला आहे. एका बाजूला विम्याची पॉलिसी, दुसऱ्या बाजूला पीयूसी आणि मधोमध कोंबडी.

मी तेव्हा विमा कंपन्यांसाठी अपघातांची चौकशी करायचो. चिंचवड स्टेशनजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी एक खोली होती, एक टेबल होतं आणि बाहेर माझ्या नावाची पाटी होती. अपघाताचा दावा आला आणि कंपनीला शंका आली की फाइल माझ्याकडे यायची. सत्य शोधून काढायचं, असं माझ्या कामाचं वर्णन कंपनीच्या पत्रात असायचं. प्रत्यक्षात पैसे न देण्याचं कारण शोधून काढायचं. दोन्ही गोष्टी कधीकधी एकच निघायच्या, आणि त्या दिवशी मला रात्री झोप चांगली लागायची.

तात्यांची ओळख अशाच एका फायलीतून झाली. पुनावळ्याच्या एका भल्यामोठ्या सोसायटीतल्या गृहस्थाची नवी कोरी गाडी पुढून चेपली होती. पार्किंगमधल्या खांबाला धडकली, असं त्याचं म्हणणं. गाडीच्या बंपरात मोटारसायकलच्या इंडिकेटरचा नारिंगी तुकडा अडकलेला. खांबाला इंडिकेटर असतो हे मला नवीनच होतं. चौकशी करत करत चाकणच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी पोचलो तर टपरीवाल्याने बोट दाखवलं, "त्या टेम्पोवाल्या तात्यांना विचारा. ते थांबले होते."

तात्या चाकाशेजारी उकिडवे बसून टायरमध्ये रुतलेला खडा स्क्रूड्रायव्हरने काढत होते. साठीच्या आसपासचे, काटक, डोक्याला पांढरी टोपी, अंगात कॅन्टीनवाल्याने दिलेला निळा शर्ट, त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव शिवलेलं. मी ओळख सांगितली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "खरं लिवनार असाल तर च्या माझ्याकडनं. खोटं लिवनार असाल तर तुमच्याकडनं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाडीचा रंग, नंबरातले शेवटचे आकडे, मोटारसायकलवाला पोरगा कुठे उडाला, गाडीवाल्याने काच खाली केली, बघितलं आणि काच वर केली. "काच वर केली न् गेला," हे ते दोनदा म्हणाले. पोराला तात्यांनीच दवाखान्यात नेलं होतं; पाय मोडला पण वाचला. गाडीच्या मालकाला मी नंतर भेटलो तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, "घाबरलो हो. लोक मारतील असं वाटलं." हे मी तात्यांना सांगितलं.

"सायेब, धडक कुनाच्याबी हातनं व्हती," ते म्हणाले. "पळनं मातुर आपल्याच पायानं व्हतं."

त्या गृहस्थाचा क्लेम मी नामंजूर करायला लावला. पोलिसांना चोवीस तासांत कळवलं नाही, जखमीला मदत केली नाही, विमा कंपनीला खोटं सांगितलं. सगळी कलमं व्यवस्थित लागली. त्याने पोराच्या घरच्यांशी परस्पर मिटवून टाकलं आणि दिवाळीला आणखी मोठी गाडी घेतली. त्यालाही विमा आमच्याच कंपनीचा.

तात्यांची जमीन एमआयडीसीत गेली होती. भावकीतल्या बाकीच्यांनी आलेल्या पैशात काळ्या काचांच्या गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. तात्यांनी राहिलेल्या तुकड्यावर दहा खोल्या बांधल्या आणि एक पिकअप टेम्पो घेतला. खोल्यांत कंपन्यांतली कंत्राटी पोरं भाड्याने राहायची, कुणी परभणीचं, कुणी लातूरचं, कुणी पार बिहारचं. टेम्पोतून ते एका कॅन्टीनवाल्याच्या किचनमधून कंपन्यांमध्ये जेवण पोचवायचे. टेम्पोला कायम उसळीचा आणि गरम पोळ्यांचा वास. ते स्वतः मात्र घरून भाकरी आणायचे. "तीन हजार मानसांचं एका जागी रांधलेलं मला गिळत न्हाई," म्हणायचे.

गाडी सुरू करण्याआधी ते तिच्याभोवती एक चक्कर मारायचे. देवाबिवाचं काही नव्हतं त्यात. खाली मांजर, कुत्रं, एखादं पोर बसलं नाही ना, एवढंच बघायचं. हॉर्न शक्यतो वाजवायचे नाहीत. पुतण्या चिडवायचा, "तात्याचा हॉर्न अजून कंपनीच्या वारंटीत हाय." तात्या म्हणायचे, हॉर्न म्हणजे शिवी, उगाच कुणालाही देऊ नये.

या पुतण्याला आणि किचनच्या इतर ड्रायव्हरांना ते धडे द्यायचे. धडक बसली तर काय करायचं? गाडी बंद. उतरायचं. माणसाला बघायचं. लोक अंगावर यायला लागले तर? "तर गाडीत बसायचं न् सरळ चौकीत जाऊन उभं ऱ्हायचं. सांगायचं, माझ्या हातनं असं झालं. चौकीत गेलेला मानूस पळालेला नसतो. कायदाबी तेच म्हनतो, ह्या सायबांना इचारा." मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचो. खरंच तसं आहे. कायद्यात ते स्वच्छ लिहिलेलं आहे, कुणी वाचत नाही इतकंच. पुतण्याने एकदा विचारलं, "आन तात्या, थांबलो न् लोकांनी हानलं, जामीन मिळंना, गाडी सहा महिने चौकीत सडली, तर? पळालेला सुटतो की राव!" तात्या चिडले आणि त्याला पोळ्यांचे डबे उतरवायला लावले.

इतकी वर्षं या रस्त्यावरच्या फाइली हाताळून मला एवढंच कळलं होतं की थांबणारा फायलीत सापडतो आणि पळणारा "अज्ञात वाहन" होतो.

दत्ता त्यांच्या सात नंबरच्या खोलीत राहायचा. परभणीकडचा, तिशीही न ओलांडलेला, एका कंपनीत कंत्राटावर. बरोबर बायको सुनीता आणि चार वर्षांची मुलगी. डिसेंबरातल्या एका सकाळी, दाट धुकं होतं, थर्ड शिफ्ट संपवून तो रस्त्याच्या कडेने चालत खोलीवर येत होता. कुठल्यातरी गाडीने त्याला उडवलं आणि ती गाडी निघून गेली. कुणी बघितलं नाही. काही मिनिटांनी तात्यांचा टेम्पो पहिल्या शिफ्टचा नाश्ता घेऊन त्याच रस्त्याने आला.

तात्या थांबले. धुक्यात आधी त्यांना फक्त रस्त्यावर पडलेला जेवणाचा डबा दिसला, मग माणूस, मग तो आपला दत्ता आहे हे दिसलं. त्यांनी त्याला पाणी पाजलं, पोह्यांच्या भांड्यांमध्ये जागा करून आडवा घातला आणि दवाखाना गाठला. तो वाटेतच गेला. दवाखान्यातला वॉर्डबॉय ओळखीचा होता. त्याने आपुलकीनेच सांगितलं, "तात्या, नाव नका देऊ. कायद्यानं द्यायलाच पाहिजे असं नाही. कोर्टाच्या फेऱ्या कशाला मागं लावून घेता?" तात्यांच्या डोक्यात तेव्हा सुनीताला कसं सांगायचं एवढंच होतं. कागदावर लिहिलं गेलं, अनोळखी इसमाने आणून दाखल केले. आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी एका गोष्टीचा कागद केला नाही, आणि ती नेमकी ही.

कॅन्टीनवाल्याने रक्त लागलेली भांडी बघितली, नाश्ता चुकला म्हणून कंपनीकडून बोलणी खाल्ली आणि तात्यांना महिनाभर घरी बसवलं.

पोलिसांना गाडी सापडली नाही. अशा वेळी सरकारकडून मयताच्या वारसांना ठरलेले दोन लाख मिळतात. गाडी सापडली आणि तिला विमा असला तर मात्र माणसाचं वय, पगार, मागे कोण कोण आहे, सगळं धरून भरपाई होते आणि ती कितीतरी पटीने जास्त असते. म्हणजे मारणारा कोण यापेक्षा तो सापडला की नाही, यावर विधवेचं पुढचं आयुष्य ठरतं. या फरकावर काही वकिलांची माणसं पोट भरतात. दवाखान्यांच्या दारात उभी असतात. सापडली नाही ना गाडी? काळजी करू नका, आपण शोधू. आणि मग विमा भरलेली, कागदपत्रं चोख असलेली एखादी गाडी आणून उभी करतात. मालकाला सांगतात, तुमच्या खिशातून एक पैसा जायचा नाही, सगळं कंपनी भरते. बहुतेक मालक यासाठी पैसे घेतात.

तात्यांनी घेतले नाहीत. वकिलाचा माणूस त्यांच्या अंगणात आला तेव्हा सुनीता सात नंबरच्या दारात बसलेली होती आणि तिची पोर तात्यांच्या टोपीत चिंचोके भरत होती, असं तात्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं. तो माणूस म्हणाला, गाडी तुमची तिथे होतीच. रक्तही लागलंय. फक्त धडक दिली म्हणायचं. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्या खोलीतनं कामाला गेला व्हता तो. लिवा माझं नाव."

ज्या माणसाने कोंबडीसाठी पंचनामा करून घेतला, त्याने माणूस मारल्याचं आपल्या नावावर घेतलं. मी मूर्खपणा म्हणालो असतो. आजही म्हणतो. पण असला मूर्खपणा करायची माझी लायकी नाही हेही मला ठाऊक आहे.

एक साक्षीदार उभा केला गेला. त्याने पोलिसांना सांगितलं, टेम्पो भरधाव आला, धडक दिली, न थांबता पळून गेला. पळून जाणं भागच होतं, कारण पहिल्या फिर्यादीतच लिहिलं होतं की वाहन पळालं. तात्यांवर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा आणि जखमीला मदत न करता निघून गेल्याचा गुन्हा दाखल झाला. लायसन्स गेलं. टेम्पो आधी चौकीत आणि मग अंगणात उभा राहिला. विधवेने भरपाईचा दावा लावला, आणि विमा कंपनीला शंका आली.

फाइल माझ्याकडे आली. मालकाचं नाव वाचलं तेव्हाच ती परत पाठवायला हवी होती. मी कंपनीला सांगायला हवं होतं की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, दुसऱ्याला द्या. मी तसं केलं नाही. इतकी वर्षं शंका घेण्यावर जगलेल्या माणसाला खात्रीचं प्रकरण मिळालं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तात्या माणसाला उडवून पळाले, हे खोटं आहे याची मला जेवढी खात्री होती तेवढी दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात कधी नव्हती.

मी निघोज्याला गेलो. तात्यांनी चहा मागवला. या वेळी खरं-खोटं काही बोलले नाहीत. शाळेतली कविता म्हणावी तसं सांगायला लागले. धुकं होतं. मानूस दिसला न्हाई. धडक बसली. आणि तिथे थांबले.

"मग?" मी विचारलं.

"मग पुढचं कागदात हाय."

"कागदात काय आहे?"

"हाय की. वाचा तुमी."

मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. तिन्ही वेळा ते धडकेपर्यंत आले आणि पुढच्या वाक्याला अडले. माणूस मारला हे त्यांच्या तोंडून निघत होतं. पळालो हे निघत नव्हतं. निघताना मी उठलो तर म्हणाले, "सायेब, सुनीताचं काम व्हईल ना?" मी म्हणालो, बघू. मग मी दवाखान्यात गेलो, वॉर्डबॉयला शोधलं, त्याने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. पण साक्ष द्यायला तो तयार नव्हता. मी कंपनीच्या वकिलाला म्हणालो, वॉर्डबॉय नको, कुणीच नको. टेम्पोवाल्याला साक्षीला बोलवा. त्याला फक्त एवढंच विचारा की तुम्ही थांबलात का नाही.

मित्राचा स्वभाव मी असा विकला.

पुण्याच्या कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. सुनीता पुढे, पोर तिच्या मांडीवर. तात्यांनी धुतलेली टोपी घातली होती. आमच्या वकिलाने इकडचं तिकडचं विचारून घेतलं आणि मग वकिलाच्या माणसाने लिहून तात्यांची सही घेतलेल्या प्रतिज्ञापत्रातली ओळ वाचून दाखवली, "घाबरून गाडी न थांबवता मी तेथून निघून गेलो. हे खरं आहे?"

सुनीताचा वकील खोकला.

"खरं आहे का? हो किंवा नाही."

"न्हाई," तात्या म्हणाले.

"काय नाही?"

"थांबलो व्हतो." आणि मग बांध फुटावा तसे बोलत सुटले. "उतरलो मी. पानी पाजलं त्याला. त्याचं डोकं ह्या मांडीवर घेतलं. दवाखान्यात मीच नेला, माझ्याच गाडीतनं. पळालो म्हनू नका सायेब. बाकी काय म्हनायचं ते म्हना."

"मग धडक कोणी दिली?"

तात्यांनी सुनीताकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. ते पुन्हा काही बोलले नाहीत. वकिलाने चार वेळा विचारलं, न्यायाधीशांनी एकदा विचारलं.

व्हरांड्यात सुनीता भेटली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "येवढं एकच वाक्य व्हतं हो तात्या. माझ्या लेकरासाठी येवढं एकच वाक्य." तात्या भिंतीला टेकून उभे होते. मी जिन्याच्या आड झालो, कारण मला त्यांच्यासमोरून जाता येईना.

दावा फेटाळला गेला. साक्षीदार पळाला म्हणतो, मालक थांबलो म्हणतो, दवाखान्याचे कागद अनोळखी माणूस म्हणतात. टेम्पोने धडक दिली हे सिद्धच होत नाही. सरकारचे दोन लाखही मिळेनात, कारण ते फक्त गाडी न सापडलेल्यांसाठी असतात आणि पोलिसांच्या कागदात गाडी तर सापडलेली होती. एका कोर्टात तात्यांचा टेम्पो अपघातात नव्हता आणि दुसऱ्या कोर्टात त्याच टेम्पोसाठी ते आरोपी होते. वकिलाच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. कंपनीच्या मॅनेजरने माझा अहवाल इतरांना नमुना म्हणून वाचायला दिला.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी विसरून गेलो असतो. मी बरंच काही विसरलेलो आहे. पण कंपनीने माझ्याच अहवालाच्या जोरावर पोलिसांत तक्रार दिली. खोटी गाडी दाखवून विमा कंपनीला फसवण्याचा प्रयत्न. नावं दोन, सोपानतात्या आणि सुनीता. वकिलाच्या माणसाचं नाव त्यात नव्हतं. त्याने कुठेच सही केलेली नव्हती.

सुनीता तोवर एका पॅकिंगच्या कंपनीत लागली होती. तिला चौकशीला बोलावलं की हजेरी बुडायची. पोरीला घेऊन चौकीच्या बाकावर बसायची. ती अजून सात नंबरमध्येच राहायची आणि तात्यांशी बोलत नव्हती. तात्या भाडं मागत नव्हते. एकाच अंगणात दोघं, मध्ये उभा टेम्पो, त्याच्या चारही चाकांतली हवा गेलेली.

मी गेलो. कशाला गेलो हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता सांगतो, मला क्षमा हवी होती आणि ती स्वस्तात हवी होती. म्हणालो, "तात्या, खेडच्या कोर्टात तुमची फौजदारी केस आहे. वॉर्डबॉयला मी हातापाया पडून तयार करतो. मी स्वतः साक्ष देतो. तुम्ही माणूस मारला नाही, उलट उचलला, हे शंभर टक्के सिद्ध होईल. तुम्ही सुटाल."

"आन सुनीता?"

मी टेम्पोच्या बसलेल्या चाकांकडे बघितलं.

"मी मारला न्हाई असं ठरलं तर तिनं खोटा दावा लावला असंच ठरंल ना?"

"हो."

"आन मीच मारला असं ठरलं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. धंदाच माझा तो. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "तर तिच्यावरची फसवणुकीची तक्रार टिकायची नाही," मी म्हणालो. "भरपाई मात्र मिळणार नाही. ते गेलं ते गेलंच."

"ते माझ्यामुळं गेलं," तात्या म्हणाले. मी म्हणालो, माझ्यामुळे गेलं, तो प्रश्न मी सुचवला होता. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "तुमी इचारलं ते तुमचं काम व्हतं. बोललो मी. मोठेपना मिरवायचा व्हता मला, मी थांबनारा मानूस हाय म्हनून. त्या पोरीचं ताट लाथाडून मिरवला." मला वाटतं, मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते खेडच्या कोर्टात. कंपनीला निकालाची नक्कल हवी होती म्हणून मला पाठवलं होतं. नसतं पाठवलं तरी मी गेलो असतो की नाही, सांगता येत नाही. पुतण्या बाहेर मोटारसायकलवर बसून होता, आत आला नाही. सुनीता कामावर होती. तात्यांनी वकील दिलेला नव्हता. सरकारने दिलेल्या तरुण वकिलीणबाई त्यांच्या कानात सारखं काहीतरी सांगत होत्या आणि तात्या मान हलवून नाही म्हणत होते.

न्यायाधीशांनी गुन्हा वाचून दाखवला आणि कबूल आहे का, विचारलं.

"कबूल हाय."

"नीट समजलं का काय कबूल करताय? तुरुंगवास होऊ शकतो. कुणाचा दबाव?"

"दबाव न्हाई. धडक मीच दिली." त्यांनी दोन्ही हात पुढच्या कठड्यावर ठेवले. "धडक दिली न् थांबलो न्हाई. पळालो. तिकडं पुन्याच्या कोर्टात थांबलो म्हनलो व्हतो, ते खोटं व्हतं. तेबी लिवून घ्या."

लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. त्यांचं वय आणि आधी कुठलाही गुन्हा नाही हे बघून कोर्टाने सहा महिन्यांची साधी कैद दिली. बाईंनी त्यांना अपिलाचं समजावलं, त्यांनी नको म्हणून हात जोडले.

हवालदार त्यांना घेऊन व्हरांड्यात आला. मी दाराशीच उभा होतो. मला वाटलं, ते न बघता जातील. ते थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं. परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असते तशी काळजी होती.

"सायेब," ते हळू आवाजात म्हणाले, "आता बराबर बोललो का? का आजून काय ऱ्हायलं?"

"बरोबर बोललात, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, टोपी सारखी केली आणि हवालदाराच्या मागून जिना उतरून गेले.